शिवम्मा आणि जर्मनची जाळी

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्गच्या आसपास गाडी तापली की ड्रायव्हर आधी गाडीच्या आईबापाचा उद्धार करायचा, मग बॉनेट उघडून हात भाजून घ्यायचा आणि मग कुणाला तरी विचारायचा, "रेडिएटरवाला नागप्पा कुठं बसतो?" लोक हात करून दाखवायचे. नागप्पा तिथं बसलेला असायचाच, त्यात खोटं काही नाही. पण तो बसायचा लिंबाखाली खाटेवर, डोळ्यांवर ओलं फडकं टाकून. काम करायची ती शिवम्मा, त्याची बायको. इरकली लुगड्याचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, कपाळाला विभूती आणि हातात फुरफुरणारा ब्लो लॅम्प. नवखा ड्रायव्हर दारातच थबकायचा.

"बाई, मालक न्हायती का?"

"मालक बोलायला हायती, कामाला म्या हाय. तुला बोलत बसायचंय का गाडी न्यायचीय?"

शिवम्मा बोरवाडीची लेक. बोरवाडी म्हणजे नळदुर्गहून आत, कच्च्या रस्त्यानं. अर्धं गाव मराठी बोलणारं, अर्धं कानडी, आणि भांडायला लागलं की सगळंच्या सगळं कानडी. लग्न होऊन ती नळदुर्गला आली तेव्हा नागप्पा कळाई करायचा. तांब्यापितळेचं भांडं भट्टीवर तापवायचं, नवसागराची चिमूट टाकायची, कापसाच्या बोळ्यानं आतून कथील फिरवायचं, की भांडं लखलखीत. नागप्पा भांडं फिरवायचा आणि शिवम्मा भाता मारायची. तोंडानं दोघांचं भांडण चालू असलं तरी भाता आणि हात यांचा मेळ कधी चुकायचा नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. लोकांनी आधी दागिने मोडले, मग तांब्यापितळेची भांडी मोडीत घातली आणि चुलीवर जर्मन आलं. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. आमच्याकडं त्याला दुसरं नाव नाही. हलकं, स्वस्त आणि कळाईची कटकट नाही. दुष्काळ सरला, पण गेलेलं तांबंपितळ काही परत आलं नाही. नागप्पाची भट्टी विझली. शिवम्मा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली, सरकारनं वाटलेली सुकडी खाऊन दिवस काढले, आणि तेव्हा तिनं जर्मनशी जे वैर धरलं ते धरलंच. "दुष्काळाचं भांडं हाय ते. माझ्या उंबऱ्याच्या आत न्हाय पाहिजे." कुणाच्या घरी जर्मनच्या ताटात जेवण वाढलं तर ही बया भाकरी हातावर घ्यायची आणि कालवण भाकरीवर.

"अगं, त्या भांड्यानं तुझं काय केलंय?" नागप्पा विचारायचा.

"तुमची भट्टी इझवली त्यानं. आनखी काय करायचं ऱ्हायलंय?"

भट्टी पुन्हा पेटली ती ट्रकांमुळं. तेव्हाच्या गाड्यांचे रेडिएटर तांब्यापितळेचे, आणि त्यांना डाग द्यायला, म्हणजे गळती सांधायला, लागतं तेच कथील. कळाईचा हात तिथं बरोबर बसला. दुकान चाललं, नाव झालं. पण वर्षानुवर्षं तेजाबाची वाफ आणि लॅम्पचा उजेड डोळ्यांत गेला आणि नागप्पाची नजर मंदावली. चालता-फिरता यायचं, बारीक छिद्र मात्र दिसेना. ज्या दिवशी त्यानं छिद्र सोडून शेजारी डाग दिला, त्या दिवशी शिवम्मानं त्याच्या हातातलं लोखंड काढून घेतलं आणि स्वतः बसली.

नागप्पाला कान राहिले. रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवून पंपानं हवा भरली की गळतीच्या जागी बुडबुडे येतात. शिवम्मा ते डोळ्यांनी शोधायची आणि नागप्पा खाटेवरून ऐकून सांगायचा, "खालच्या अंगाला आनखी एक हाय बघ." असायचंच तिथं.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात हा हौद म्हणजे डोक्याला ताप झाला. सलग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पावसानं तोंड फिरवलेलं. बोरी नदीच्या पात्रात शेळ्या बसत होत्या. आणि हिच्या दारात भरलेला हौद! पाणी काळं-हिरवं, तेजाबाचं, गंजाचं, पण पाणी. घागरी घेऊन जाणाऱ्या बायांची मान आपोआप तिकडं वळायची. एक म्हातारी तर म्हणाली, "प्यायला नको गं, निदान जरा बघू तरी दे." शिवम्मानं तिला शेजारी बसवून चहा पाजला आणि त्या दिवसापासून काम नसेल तेव्हा हौदावर पत्रा टाकायला लागली. उगाच लोकांचा जीव कशाला जाळायचा?

अशा त्या उन्हाळ्यात, एका गुरुवारी दुपारी, बोरवाडीच्या महिला दूध संस्थेची गाडी फसाफसा वाफ सोडत दारात येऊन उभी राहिली.

ही संस्था म्हणजे शिवम्माच्या माहेरचा जीव. अध्यक्ष तिची सख्खी वैनी, महादेवी. नवऱ्यामागं घर आणि गोठा दोन्ही सांभाळलेली बाई. गाडी नवी कोरी, जपानी बनावटीची, छोटी मालगाडी. ड्रायव्हर कोंडीराम, गावातल्या बौद्ध वस्तीतला, त्याच्या घरातला पहिला पगारी माणूस. संस्था निघाली तेव्हा दोघी-तिघींनी नाक मुरडलं होतं, वस्तीतलं दूध वेगळ्या कॅनमध्ये घ्या म्हणून. महादेवी म्हणाली होती, "गाय कुणाची हाय ते दुधालाच इचारा. दुधानं सांगितलं तर येगळं ठिवू." तेव्हापासून कॅन एकच.

रोज सकाळी कोंडीराम दूध घेऊन शीतकरण केंद्रावर जायचा आणि येताना तेच कॅन खळखळून केंद्राच्या विहिरीचं पाणी भरून आणायचा. सरकारी टँकर माणसांपुरता, तोही आला तर. गावातली गुरं जगत होती ती या कॅनच्या पाण्यावर.

"आक्का, गाडी गळतीय," कोंडीराम खाली उतरून म्हणाला. "परवापास्नं."

"परवापास्नं? मग कालचा दिस काय झोपा काढल्यास?"

"हळद टाकली हुती."

आता हा आमच्याकडचा जुना इलाज. रेडिएटर गळला की चिमूटभर हळद टाकायची. ती फुगते आणि बारीक छिद्र बुजवते, घरापर्यंत पोचवते. शिवम्मानं बॉनेटमध्ये डोकं घातलं, झाकणावर बोट फिरवलं. बोट पिवळंधमक.

"किती टाकलीस?"

कोंडीराम स्वतःच्या पायांकडं बघायला लागला. "अणदूरला देवळाम्होरं गळाया लागली. दुकानात भंडाराच भेटला. चिमटीनं थांबंना, मग... पुडाच वतला."

"अख्खा पुडा! अरं भाड्या, खंडोबाला बी कुणी एका दमात एवढा उधळत न्हाय!"

नागप्पा खाटेवर उठून बसला आणि हसायला लागला. "येळकोट म्हणून तरी टाकलास का रं?"

"आप्पा, आपल्याला देवाचं काय घेणं? हळद ती हळद." एवढं बोलून कोंडीरामाचं तोंड उतरलं. "आक्का, रविवारच्या आत गाडी पाहिजे बघा. काल पाणी न्हाय, आज न्हाय. दूध एष्टीच्या टपावर टाकलं तर वाटंतच नासलं. महादेवीकाकूंनी बैठक घेतली. गाडी आली न्हाय तर रविवारी समदी गुरं बाजारात. डोळ्यांम्होरं तडफडलेली बघण्यापरीस इकलेली बरी म्हणल्या. समद्या बायांनी हात वर केलेत."

शिवम्मा बॉनेटमधून बाहेर आली. "चंद्री बी?"

"चंद्री बी."

चंद्री म्हणजे शिवम्माच्या आईनं बाटलीनं दूध पाजून जगवलेली कालवड. म्हातारी गेली, कालवडीची गाय झाली. शिवम्मा माहेरी गेली की आधी गोठ्यात जायची, मग घरात. आणि त्या उन्हाळ्यात रविवारच्या बाजारात गुरं घ्यायला शेतकरी येत नव्हते, दुसरेच येत होते, हे काय कुणी सांगायला पाहिजे?

"माहेरची गाडी हाय," शिवम्मा म्हणाली. "आज सोडते."

इथंच तर घोळ झाला. घाईत माणूस हातानं काम करतं, डोक्यानं नाही.

रेडिएटर काढला तर तो एका हातात आला, रिकाम्या सुपासारखा. वरचा-खालचा डबा पितळेचा नव्हे, चक्क प्लास्टिकचा. "काय खेळणी करतेत मेले!" ती म्हणाली. नागप्पानं हात पुढं केला, मधल्या जाळीवरून बोटं फिरवली, नखानं टिचकी मारली, कान लावला.

"शिवम्मा, जरा थांब. ह्येचा आवाज तांब्याचा न्हाय."

"तुमी झोपा."

तिनं डबे धरून ठेवणारे कडेचे दात पकडीनं उलगडून डबे सुटे केले. आत नळ्यांची तोंडं हळदीनं गच्च. अशा तुंबलेल्या जाळीचं काय करायचं हे तिला झोपेतही विचारलं असतं तरी सांगितलं असतं: कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या कढईत घालायची, घाण आपोआप सुटते. कोंडीरामाला तिनं चहा आणायला पिटाळलं आणि जाळी कढईत सोडली.

आधी चुर्र झालं. मग कढईच्या तळापासून फेस उसळला, दूध उतू जावं तसा काठावरून बाहेर आला आणि चुलीत पडून फसफसला. नागप्पा खाटेवरून ओरडला, "भाईर काढ! जर्मन हाय ते! शिवम्मा, जर्मन!"

सोड्यानं जर्मन काळं पडतं, झिजतं आणि चिंचेनं उजळतं, हे नळदुर्गच्या शेंबड्या पोरीलाही ठाऊक. प्रत्येक घरात एक तरी पातेलं असं वाया गेलेलं. ठाऊक नव्हतं ते एकट्या शिवम्माला, कारण तिनं जर्मन उंबऱ्याच्या आतच घेतलं नव्हतं. अहो, वैर करावं माणसानं, पण वैऱ्याची थोडी माहिती तरी ठेवावी!

चिमट्यानं ओढून तिनं जाळी हौदात बुचकळली. वर आली ती कोळशासारखी काळी. कडेच्या पाकळ्या बोट लावताच मोडत होत्या. हळद निघाली होती, पण नळ्यांचं अंगच झिजलं होतं. डबे तात्पुरते बसवून हवा भरून बघितली तर इकडून बुडबुडे, तिकडून बुडबुडे. कुठं कुठं गळतंय ते सांगायचं नागप्पानं सोडूनच दिलं.

"अय्यो शिवने!" शिवम्मानं पंप बाजूला ढकलला.

एवढ्यात कोंडीराम चहाची किटली घेऊन आला. त्यानं जाळी बघितली आणि त्याचा चेहरा तिच्याहून काळा झाला. "आक्का... माझ्या हळदीनं खाल्लं व्हय हे?"

या धंद्यात एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी तयार असतं. गिऱ्हाइकाची वस्तू आपल्या हातून बिघडली की म्हणायचं, "हे आधीच गेलं हुतं." शिवम्मा आयुष्यात कधी ते म्हणाली नव्हती, आणि आताही म्हणाली नाही. पण 'न्हाय रं बाबा, तुझ्या हळदीनं न्हाय' हेही तिच्या तोंडून निघालं नाही. "गप च्या पी," एवढंच म्हणाली.

कोंडीराम भिंतीला टेकला. "नोकरी गेली आक्का. नवी गाडी, आन् म्या पुडा वतला. काकू काय बोलायच्या न्हायत, पर किल्ली माघारी घेतील. घ्यायलाच पाहिजे." शिवम्मानं चहाचा कप तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला.

पुण्याहून नवा रेडिएटर मागवायचा तर तो यायचा तेव्हा यायचा; तोवर गोठे रिकामे. संध्याकाळी तिनं तांब्याच्या रीतीनंच एक डाग देऊन बघितला. तेजाब लावलं तर ते चरचरत आणखी आत शिरलं. कथील लावलं तर अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखं घरंगळून खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं.

"हरणाबाईकडं जा," नागप्पा म्हणाला.

"मरंन, पर त्या बाईकडं जायची न्हाय."

"तू मर खुशाल. चंद्रीला कशाला मारतीस?"

हरणाबाई म्हणजे जर्मनची भांडी सांधणारी. एष्टी स्टँडच्या कुंपणाला गोणपाटाची सावली करून बसायची. पूर्वी ती शिवम्माच्या दुकानासमोरच बसायची, पण शिवम्मानं तिला उठवलं होतं. "तुझा धूर आन् तुझं जर्मन, दोनी उचल हितनं," असं भर बाजारात म्हणाली होती. हरणाबाई बाकी काही विसरेल, हे विसरणारी नव्हती.

शुक्रवारी सकाळी शिवम्मा जाळी पदराखाली झाकून स्टँडवर गेली.

"काय गं तांब्याची राणी," हरणाबाई मान वर न करता म्हणाली, "वाट चुकलीस का?"

शिवम्मानं जाळी पुढं ठेवली. हरणाबाईनं बघितली, हुंगली.

"सोड्यात घातलीस."

"व्हय."

"जर्मन? सोड्यात?" हरणाबाई हसायला लागली ती थांबेना. डोळे पुसून पुन्हा हसली. "बाई गं, हे माझ्या सुनंनं केलं असतं तर म्या तिला म्हायेराला धाडली असती."

"ही माझ्या म्हायेरचीच हाय," शिवम्मा म्हणाली. "ही गाडी गेली न्हाय तर रविवारी गावचा गोठा बाजारात जाणार. माझ्या आईची गाय हाय त्यात. आन् कोंडीरामाला वाटतंय त्यानं केलं. त्यानं न्हाय, म्या केलं." आणि स्टँडवरच्या एवढ्या माणसांत ती रडायला लागली, पदर तोंडात कोंबून, हुंदके देऊन. हरणाबाईचं हसू जागच्या जागी विरलं. तिनं आपला कथलाचा डबा बंद केला, हत्यारं गोणपाटात गुंडाळली आणि उठली. "ऊठ. तुझ्या दुकानात चल. आन् आधी मला च्या पाज, भांडणाचा येगळा आन् कामाचा येगळा."

दुकानात आल्या आल्या तिनं चिंच कोळायला लावली. चिंचेच्या कोमट पाण्यानं जाळी आतून-बाहेरून धुतली, मग थोड्या चांगल्या पाण्यानं. सोड्याचा अंश आत राहिला तर खातच राहतो. काळेपणा उतरला, खाली पांढरा धातू दिसायला लागला, आणि कुठं कुठं भोकं पडलीत तेही.

"आता ऐक," हरणाबाई म्हणाली. "जर्मनला साय धरती. दुधावानी. खरडून लख्ख केलं तरी वाऱ्यानं लगीच धरती, डोळ्याला दिसत न्हाय. त्या सायीवर कथील बसत न्हाय. तुझं तेजाब साय खातं आन् संगं जर्मन बी खातं. म्हणून तेजाब लावायचंच न्हाय. कथील आधी वितळू द्यायचं, आन् त्याच्या खाली, त्याच्या पोटात खरडायचं. वारा लागला न्हाय की साय धरत न्हाय."

तिच्या कथलात जस्त होतं. बॅटरीचे वाया गेलेले सेल फोडून त्यांचं कवच काढायचं, घासून धुवायचं आणि कथलात वितळवायचं. नुसतं कथील जर्मनला फार दिवस धरत नाही. खरडायला सायकलच्या ब्रेकच्या तारेचा बारीक ब्रश. शिवम्मानं लॅम्प उचलला तशी हरणाबाईनं तिचं मनगट धरलं.

"लांबनं. तांबं लाल हुतंय, म्हणतंय आता म्या तापलो. जर्मन काय सांगत न्हाय, एकदम गळून पडतं. जाळ कथलाला दावायचा न्हाय, जाळीला दावायचा, आन् कथील निस्तं टेकवायचं. आपलं आपण वितळलं की समज."

जन्मभर एका रीतीनं चाललेला हात दुसऱ्या रीतीला वळवणं म्हणजे उताराला लागलेल्या बैलगाडीला वळवणं. पहिला डाग बसला नाही. दुसरा बसल्यासारखा वाटला आणि नखानं सुटला. मग जाळ जरा जास्त झाला आणि एक नळी डोळ्यादेखत आत खचली. शिवम्मानं लॅम्प आपटला.

"गेली!"

"गेली तर गेली. तिची दोनी तोंडं चेपून बंद कर आन् वरनं डाग दे. एकीनं काम सोडलं म्हणून बाकीच्या बसत न्हायती."

"बरूबर हाय," नागप्पा खाटेवरून म्हणाला. "आमच्या घरात बी तसंच चाललंय."

शिवम्मानं त्याच्याकडं बघितलं. मग तिला हसू आलं, दोन दिवसांत पहिल्यांदा. हसता हसता हात सैल झाला आणि पुढचा डाग बसला. कथील पसरलं, ब्रशच्या खाली चमकलं आणि जाळीला धरून राहिलं. नखानं सुटेना, पकडीनं सुटेना. "बसला!" ती ओरडली तेव्हा रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले.

काम शनिवारी सकाळपर्यंत चाललं. फार खराब होत्या त्या नळ्या दोन्ही तोंडांनी बंद केल्या, बाकीच्यांची भोकं बुजवली. रबर पुसून जागेवर बसवलं, प्लास्टिकचे डबे वर ठेवले आणि दात एकेक करून दाबले. इकडचा एक, मग समोरचा एक, जोर न लावता. मग हौदावरचा पत्रा निघाला. हवा भरायला हरणाबाईनं मोठा पंप लावू दिला नाही. सायकलचा पंप, तोही हळू.

शिवम्मा डोळे फाडून बघत होती. "न्हाय कुठं."

"हाय," नागप्पा म्हणाला. "वरच्या अंगाला. लई बारीक."

तिला दिसेना. हरणाबाईला दिसेना. शेवटी शिवम्मानं पदरानं डोळे पुसून पाण्याला नाक लावलं तेव्हा दिसला, मोहरीएवढा बुडबुडा, सुटू की नको करत बसलेला. तो बुजवला. पुन्हा बुडवली, पुन्हा हवा. नागप्पा मान कलती करून बराच वेळ ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "गप हाय. जाळी गप हाय."

रेडिएटर गाडीवर चढला. बोअरच्या खारट पाण्यानं नळ्या लवकर खराब होतात, म्हणून उकळून गाळलेलं पाणी भरलं. कोंडीराम गाडीभोवती फिरत होता, पण त्याच्या चेहऱ्यावर आनंद धड दिसत नव्हता. काम झालं तरी किल्ली जाणार, हे त्यानं मनात पक्कं धरलं होतं.

"म्या बी येते," शिवम्मा म्हणाली. "ह्येला नळ्या कमी ऱ्हायल्यात. तापाच्या काट्याकडं कुणी तरी बघाया पाहिजे."

ती हात धुवायला आत गेली तेव्हा नागप्पा मागोमाग चाचपडत आला. "सांगणार हायस का त्याला?"

"सांगते. तिथं गेल्यावर, समद्यांम्होरं."

"हितं का न्हाय?"

"हितं सांगितलं तर तो तिथं जाऊन माझ्यावर पांघरूण घालंल. वळखते म्या त्याला. आपल्याच अंगावर घील." नागप्पानं तिचा खांदा शोधून दाबला आणि खाटेकडं परत गेला.

केंद्रावर कॅन भरून घेतले. पुढं कच्च्या रस्त्याच्या चढाला काटा वर सरकला, तसं शिवम्मानं गाडी बाभळीखाली उभी करायला लावली. "झाकणाला हात लावशील तर हात मोडीन." दोघं खाली बसले. काटा उतरल्यावर पुन्हा निघाले.

बोरवाडीत गुरं चावडीसमोर आणून बांधली होती, उजाडता निघायचं म्हणून. दिवस कलायला आला होता. धुरळा दिसला तशी कुणीतरी हाळी दिली आणि बाया धावत सुटल्या. घागर, बादली, डबा, जे हाताला लागलं ते घेऊन. कुणी कुणाला सांगितलं नाही, पण आधी गुरांच्या तोंडाशी पाणी गेलं. चंद्रीनं बादलीत तोंड घातलं ते कानापर्यंत. शिवम्मा तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. कातडीखाली बरगड्या लागत होत्या आणि घोट उतरताना गळा हलत होता.

बाया कोंडीरामाभोवती जमल्या. "माझ्या हळदीनं तुंबली हुती," तो खाली मान घालून सांगत होता. "शिवाक्कानं केली बरी." तेवढ्यात महादेवी भरलेला तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन आली. तुकडा ओवाळून टाकला आणि शिवम्माच्या पायाशी वाकली.

शिवम्मानं पाय मागं घेतला. "वैनी, येडी झालीस का! पाणी घालवतीस?"

"माहेरवाशीण दारात आली आन् पायावर पाणी न्हाय? लोक काय म्हणतील? आन् आज तर तू पाणी घिऊन आलीस."

"थांब. आधी ऐक." शिवम्माचा आवाज चढला, चावडीपर्यंत गेला. "समद्याजणी ऐका. हळदीनं फकस्त तुंबलं हुतं. गाडीचं वाटोळं कोंडीरामानं न्हाय केलं. म्या केलं. आमचं मालक थांब म्हणत हुते, म्या ऐकलं न्हाय. जर्मनची जाळी सोड्यात घातली, आन् तो बिचारा म्हणला माझ्यानं झालं, तर म्या गप बसले. आता ती जाळी अर्धी आंधळी हाय, नवी येईस्तवर जपून चालवायची. ह्येच्याकडनं किल्ली घेऊ नगा. आन् माझ्या पायावर पाणी घालू नगा."

कोंडीराम तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं तोंड फिरवलं आणि गळ्यातल्या रुमालानं डोळे पुसले.

"जर्मन सोड्यात!" महादेवी म्हणाली. "आगं, तुझ्या आईनं तुला काय शिकवलं?" दोघी-तिघी फसकन हसल्या. महादेवी हसली नाही. "किल्ली त्याच्याकडंच ऱ्हाईल, आन् गुरं दावणीला," ती म्हणाली. ती पुन्हा वाकली आणि शिवम्माचा घोटा हातानं घट्ट धरला.

"चुकली म्हणून काय लेकीला कोरड्या पायानं आत घिऊ?"

तिनं तांब्या कलता केला. धुरळ्यानं आणि काजळीनं माखलेल्या उजव्या पायावरून पाणी उतरलं. शिवम्माच्या डोळ्यांतलं पाणी तिला थांबवता येईना आणि तिनं थांबवलंही नाही. अर्धा तांब्या झाला तशी महादेवीनं हात आवरला, उठली आणि उरलेलं पाणी चंद्रीच्या बादलीत ओतलं.

"दुसरा पाय पाऊस पडल्यावर," ती म्हणाली. "तवा परत ये."